अंधारी खोली आणि रुंद चित्र

कॅमेऱ्याचा इतिहास आपल्याकडे दोन प्रकारे सांगितला जातो. शाळेच्या पुस्तकात तो १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरपासून सुरू होतो. जलशातल्या व्याख्यानात तो इब्न अल्-हैसमपासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. कॅमेरा आमचा, इतकेच नव्हे तर 'कॅमेरा' हा शब्दही अरबी 'कमरा'वरून आला, असे टाळ्यांच्या गजरात सांगितले जाते. पहिल्या प्रकारात आपले नाव नाही. दुसऱ्या प्रकारात नावाखेरीज काहीच नाही.

शब्दाचा निकाल आधी लावू. 'कॅमेरा' लॅटिन आहे, त्याचे मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ कमानदार छताची खोली. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, हे नाव केप्लरने १६०४ साली रूढ केले. आपल्या उर्दूतला 'कमरा' तर पोर्तुगीजांच्या जहाजातून आला. बारीक छिद्रातून उजेडाची प्रतिमा पडते हेही इब्न अल्-हैसमच्या आधी माहीत होते. चीनमध्ये मोत्झूच्या अनुयायांनी इसवी सनापूर्वी ते नोंदवले होते. ग्रहणाच्या वेळी झाडाखाली सूर्याच्या कोरी पडतात, हे ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या ग्रंथात आहे. मग आपल्या बुजुर्गाकडे उरले काय? आमच्या मते, सर्वांत मोलाचे तेच उरले.

अबू अली अल्-हसन इब्न अल्-हैसम यांचा जन्म सुमारे ९६५ साली बसऱ्यात झाला आणि इंतकाल सुमारे १०४० साली कैरोत. 'किताब अल्-मनाझिर' हा त्यांचा प्रकाशावरचा ग्रंथ सात भागांचा आहे. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि म्हणून आपल्याला दिसते, हे युक्लिड आणि टॉलेमी यांचे मत त्यांनी खोडून काढले. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, असे त्यांनी मांडले आणि ते करून दाखवले. त्यांचा दिव्यांचा प्रयोग कोणालाही घरी करता येईल. छिद्र असलेल्या पडद्यासमोर वेगवेगळ्या जागी अनेक दिवे ठेवायचे. पलीकडच्या अंधाऱ्या जागेत भिंतीवर तितकेच उजेडाचे ठिपके पडतात. एक दिवा झाकला की एकच ठिपका जातो, उघडला की परत येतो. म्हणजे सगळा उजेड एकाच छिद्रातून जातो, पण एकमेकांत मिसळत नाही. प्रत्येक किरण आपल्या सरळ वाटेने जातो.

ग्रहणाच्या आकारावर त्यांनी एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. ग्रहणातल्या सूर्याची प्रतिमा चंद्रकोरीसारखी पडते, मग खुद्द चंद्रकोरीची प्रतिमा त्याच छिद्रातून तशी का पडत नाही, असा त्यांचा प्रश्न. छिद्र किती मोठे आणि पडदा किती दूर, यांचे प्रमाण त्यांनी भूमितीने तपासले. छिद्र रुंद झाले की कोर पुसली जाते आणि गोल डाग उरतो, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे इराणच्या कमालुद्दीन अल्-फारिसींनी त्यांच्या ग्रंथावर 'तन्कीह अल्-मनाझिर' हे भाष्य लिहिले. पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यावर उजेड सोडून त्यांनी इंद्रधनुष्याचा उलगडा केला. मूळ ग्रंथाचा लॅटिन अनुवाद १२०० च्या सुमारास झाला आणि १५७२ साली तो बासेलला छापला गेला. पूर्वजांच्या ग्रंथांवर आंधळा विश्वास न ठेवता त्यांच्यावर हुज्जत घालणे हे सत्यशोधकाचे काम आहे, अशा आशयाचे त्यांनी टॉलेमीवरच्या आक्षेपांच्या पुस्तकात लिहिले आहे. वारसा म्हणायचा तो हा. शोधाची मालकी नव्हे, तहकीकची सवय.

आता त्या अंधाऱ्या खोलीची धाकटी बहीण पाहू. शाळेत आपण तिला 'सूचिछिद्र प्रतिमाग्राहक' म्हणून पाठ केले. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८५६ साली 'पिनहोल' हा शब्द वापरला आणि भिंगाशिवाय छायाचित्र घेता येते हे सांगितले. त्याच काळात रुंद चित्राचीही हौस वाढत होती. १८४४ च्या सुमारास पॅरिसमध्ये फॉन मार्टेन्सने वाकवलेल्या पत्र्यावर दीडशे अंशांचे छायाचित्र घेणारा कॅमेरा बनवला. पण त्याचे भिंग फिरवावे लागे आणि यंत्रही महाग. बहुतेक छायाचित्रकार मग कॅमेरा थोडा थोडा फिरवून अनेक चित्रे घेत आणि ती शेजारी शेजारी चिकटवत.

या रुंद चित्राशी आपला संबंध फार वेदनेचा आहे. इंग्रजांनी सप्टेंबर १८५७ मध्ये दिल्ली आणि मार्च १८५८ मध्ये लखनौ परत घेतले. त्यांच्या पाठोपाठ फेलिचे बियातो हा छायाचित्रकार आला. लखनौच्या सिकंदर बागेचे त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. पडक्या इमारतीसमोर हाडे विखुरलेली दिसतात. लढाई नोव्हेंबर १८५७ ची आणि चित्र त्यानंतर काही महिन्यांनी काढलेले. हाडे चित्रासाठी मांडली गेली असावीत, असे अभ्यासक मानतात. त्याच बियातोने १८५८ साली दिल्लीच्या जामा मशिदीवरून शहराचे रुंद चित्र घेतले, अनेक तुकडे जोडून. घरांची छपरे, अंगणे, दूरवर किल्ला, सारे त्यात आहे.

ते शहर तेव्हा रिकामे केलेले होते. हिंदू रहिवाशांना आधी परतू दिले, मुसलमानांना बराच काळ वेशीबाहेर ठेवले. उजाड झालेल्या दिल्लीत मागे राहिलेल्या मिर्झा ग़ालिब यांनी तेव्हाचा हाल 'दस्तंबू'मध्ये आणि आपल्या पत्रांत लिहून ठेवला आहे. मशीद फौजेच्या ताब्यात होती आणि ती १८६२ साली परत मिळाली. मशीद आणि किल्ला यांच्यामधली वस्ती पुढच्या काही वर्षांत पाडली गेली. लखनौत नेपियरच्या योजनेप्रमाणे दाट मोहल्ल्यांतून रुंद रस्ते काढले. म्हणजे आपल्या शहरांचे सर्वांत रुंद चित्र जिंकणाऱ्याच्या बाजूने उभे राहून घेतले गेले. तरीही नष्ट झालेल्या घरांची साक्ष म्हणून आज तेच हाताशी आहे. दुसऱ्याने काढलेल्या चित्रावरून आपण आपले घर ओळखतो, यापेक्षा मोठा धडा कोणता?

धडा घेणारेही होते. लखनौत १८५७ च्या आधीच अहमद अली खान छायाचित्रे घेत होते. त्यांच्या मागून दारोगा हाजी अब्बास अली यांनी १८७४ साली कलकत्त्याहून 'द लखनौ अल्बम' प्रसिद्ध केला. त्यात शहराच्या इमारतींची पन्नास छायाचित्रे आहेत. नोकरीतला एक माणूस आपले शहर स्वतः टिपतो आणि त्याला नावे लावतो, ही गोष्ट लहान नाही.

आता प्रश्न आपला. महागडा कॅमेरा हवा, तंत्र शिकायला हवे, हे आपल्या चळवळीतल्या तरुणांचे नेहमीचे उत्तर. इथे सूचिछिद्र कॅमेरा कामाला येतो. हॉल्गासारखा प्लॅस्टिकचा तयार कॅमेरा १२० च्या फिल्मवर ६ बाय १२ सेंटिमीटरचे चित्र देतो, म्हणजे एका रिळात सहा चित्रे. तेही नको असेल तर जाड पुठ्ठ्याची पेटी चालते. शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा घ्यावा, सुईच्या टोकाने भोक पाडावे आणि बारीक पॉलिश कागदाने कडा घासाव्यात. फिल्म छिद्रापासून ४० मिलिमीटरवर असेल तर छिद्र सुमारे ०.२८ मिलिमीटरचे लागते. याहून मोठे झाले की चित्र पुसट होते. फार लहान झाले तरी उजेड कडांवर पसरतो आणि चित्र पुसटच येते. छिद्र आणि अंतर यांचे प्रमाण शोधायचे, हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी कैरोत विचारला गेला होता.

इतक्या अंतरावरून ६ बाय १२ ची फिल्म जवळजवळ एकशे दहा अंशांचा देखावा टिपते. मशिदीचा दरवाजा, शेजारची हॉटेले, पलीकडचा मदरसा, सारे एका चौकटीत. फिल्म सपाट ठेवली तर कडेला उजेड मध्याच्या नवव्या हिश्श्याइतकाच पोहोचतो, म्हणून कडा काळवंडतात. फिल्म छिद्राभोवती कमानीसारखी वाकवली तर अंतर सगळीकडे सारखे राहते आणि कडा उजळतात. मात्र मग सरळ ओटा किंवा भिंतीची रेघ चित्रात वाकते. दोन्हींत काही गमवावे लागते, ते आधी ठरवून घ्यावे. भिंग नसल्यामुळे हातभरावरचा दगड आणि दूरचा मिनार सारखेच स्पष्ट, किंबहुना सारखेच मऊ दिसतात.

शटर म्हणजे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा. शंभर संवेदनशीलतेच्या फिल्मला कडक उन्हात साधारण एक सेकंद पुरतो, सावलीत अनेक सेकंद, मशिदीच्या आत कित्येक मिनिटे. पेटी दगडावर किंवा स्टुलावर घट्ट ठेवावी लागते. इतक्या वेळात चालणारी माणसे चित्रात उमटत नाहीत. बसलेला म्हातारा राहतो, धावणारे मूल जाते. बियातोच्या दिल्लीत माणसे नव्हती, कारण त्यांना हाकलले होते. आपल्या चित्रात ती नसतील, कारण ती आपल्या कामाला लागलेली आहेत. हा फरक पाहणाऱ्याला कळावा म्हणून चित्रामागे नावे, तारीख आणि कोणाचे घर कोणते हे लिहिणे हवेच.

तसवीरीच्या मसल्याचाही विचार करावा लागतो. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल्-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत छायाचित्र जायज ठरवताना म्हटले की ही निर्मिती नसून सावलीला रोखून धरणे आहे. आपल्याकडच्या अनेक उलेमांना हे पटले नाही आणि मतभेद आजही आहे. आम्ही इथे फतवा देऊ इच्छित नाही. पण घर, झाड, गल्ली, मिनार या निर्जीव गोष्टींच्या चित्राबद्दल असा वाद नाही. ज्यांच्या मनात शंका आहे तेही हे काम निर्धास्तपणे करू शकतात.

आणि काम पडून आहे. भेंडी बाजारातल्या सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे करण्याची योजना २००९ पासून राबवली जात आहे. कोकणातल्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांत गल्फच्या पैशाने नवी घरे उठली, जुनी कौलारू घरे गेली. मालेगावच्या यंत्रमागाच्या गल्ल्या, गावोगावची कब्रस्ताने, पाणी आटलेल्या वजूखान्यांच्या जुन्या मशिदी, यांचे रुंद चित्र कोणाकडे आहे? यातले काही बुलडोझरने जाते, तर बरेचसे आपण स्वतःच हौसेने पाडतो. दोन्ही वेळा चित्र मागे राहत नाही.

इब्न अल्-हैसमचे नाव २०१५ च्या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात जगभर घेतले गेले. आपल्या शाळांच्या भिंतींवरही त्यांचे पोस्टर लागते. त्या पोस्टरखाली एक पुठ्ठ्याची पेटी ठेवा आणि आठवीच्या मुलामुलींना दिव्यांचा प्रयोग करायला लावा. मग एखाद्या रविवारी त्यांना मोहल्ल्याच्या चौकात न्या. एप्रिलचा शेवटचा रविवार २००१ पासून जगभर सूचिछिद्र छायाचित्रणाचा दिवस म्हणून पाळला जातो, तो मुहूर्त चांगला आहे. सहा चित्रांतली चार बिघडतील. का बिघडली हे त्यांनी शोधून काढले, तर अंधाऱ्या खोलीचा वारसा त्यांच्यापर्यंत पोहोचला असे आम्ही म्हणू.