पाकिटावरचं जादा तिकीट

शाळेत गांधी जयंतीच्या सुमारास बाई क्षयरोग निवारणाच्या तिकिटांचे ताव हाती देत. दारोदार विकायचे. टपालासाठी ही तिकिटं चालत नाहीत, म्हणून शेजारी कुरकुरत. मीही ती सरकारी योजनाच समजत होते.

तिची सुरुवात मात्र डेन्मार्कमधल्या टपालखात्यातली. १९०३च्या नाताळात शुभेच्छापत्रांचा ढीग निवडताना आयनार होल्बोल यांना सुचलं: प्रत्येक पाकिटावर टपालतिकिटाशेजारी २ ओरेंचं जादा तिकीट लागलं, तर क्षयग्रस्त मुलांसाठी इस्पितळ उभं राहील. कल्पना राजापर्यंत गेली. १९०४ला दिवंगत राणी लुईसचं चित्र असलेली तिकिटं निघाली आणि ४० लाखांहून अधिक खपली! तेव्हा क्षयावर औषध नव्हतंच. मोकळी हवा, ऊन, सकस अन्न, विश्रांती, एवढ्यावरच सारी भिस्त. म्हणूनच १९११मध्ये कोल्डिंगच्या खाडीकाठी मुलांचं आरोग्यधाम उघडलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

अमेरिकेत १९०७ साली एमिली बिसेल यांनी हीच वाट धरली. डेलावेअरमधल्या छोट्या आरोग्यधामासाठी ३०० डॉलर हवे होते. जमले सुमारे ३,०००.

माझ्या जुन्या पेटीत त्या तावातलं एक न विकलेलं तिकीट अजून आहे. मागचा डिंक पिवळा पडलाय.