अल्ट्रा कोण? मुंबईच्या फुटबॉल-चाहत्यांचा इतिहास बोईसरकडून वाचताना

‘फुटबॉलचे चाहते हा काय पीएचडीचा विषय आहे का?’ हा प्रश्न मला आता सवयीचा झालाय. विचारणारे बहुतेक आमच्या पालघर-बोईसरचेच असतात आणि त्यांचा दुसरा प्रश्नही ठरलेला असतो: ‘आणि आपल्याकडे कुठे आलंय ते?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी सिनॉप्सिसमध्ये दिलंय. दुसरा प्रश्न मात्र मला जास्त कामाचा वाटतो, म्हणून आजची पोस्ट त्याच्यावर. तुमच्यापैकी जे पेट देऊन विषय शोधतायत, त्यांना यातून एक गोष्ट दिसावी अशी इच्छा आहे. विषय जिथे ‘नाही’ असं वाटतं, तिथे उभं राहून तो बघितला की त्याची चौकट बदलते.

आधी शब्द. ‘अल्ट्रा’ म्हणजे नुसता कट्टर चाहता नव्हे. साठच्या दशकाच्या शेवटी इटलीत मिलान, इंटर, सांपडोरिया या क्लबांच्या तरुण चाहत्यांनी स्टेडियममधल्या स्वस्त बाजूला आपली जागा धरली. नव्वद मिनिटं उभं राहायचं, एकाने मैदानाकडे पाठ करून घोषणा द्यायच्या, बाकीच्यांनी त्या उचलायच्या, ड्रम, झेंडे, आणि सामना सुरू होताना अख्खा स्टँड झाकणारं कापडी चित्र, ज्याला ‘टिफो’ म्हणतात. त्याच्याही आधी, १९५० मध्ये, क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात हायदुकच्या चाहत्यांनी ब्राझीलची नक्कल करत ‘तोर्सिदा’ काढली होती. पण या सगळ्याचा गाभा ड्रम-झेंडे नाही. गाभा असा, की हा गट क्लबच्या पगारावर नसतो. पैसे स्वतः जमवतो, क्लबवर प्रेम करतो आणि वेळ आली तर क्लबच्या मालकाविरुद्धही बोलतो. कैरोत अल अहलीच्या अल्ट्रांनी २०११ च्या आंदोलनात पोलिसांना तोंड दिलं. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २०१२ ला, पोर्ट सईदच्या स्टेडियममध्ये सत्तरहून जास्त माणसं मेली आणि त्यात बरेचसे अहलीचे चाहते होते. म्हणजे हा शब्द वापरताना आपण नक्की काय उचलतोय हे माहीत असलेलं बरं.

भारतात हा शब्द उशिरा आला, चाहते खूप आधीपासून होते. कोलकात्यात मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बेंगाल १९२० चा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांसाठी ईस्ट बेंगाल हे निव्वळ संघाचं नाव राहिलं नाही, गेलेल्या गावाचं नाव झालं. तिथे गॅलरीत काय पेटू शकतं हे १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर दिसलं. त्या दिवशी १६ चाहते गेले. आणि त्याच शहरात १८ ऑगस्ट २०२४ ला, आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टरच्या हत्येनंतरच्या आंदोलनात ड्युरंड कपमधला डर्बी सामना रद्द झाला तेव्हा, मोहन बागान, ईस्ट बेंगाल आणि मोहम्मडन अशा तिन्ही क्लबांचे चाहते सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र रस्त्यावर आले. ईस्ट बेंगालच्या तरुणांनी ‘अल्ट्राज’ हे नाव साधारण २०१३ पासून लावलं. त्याच वर्षी बंगळुरूत नवा क्लब निघाला आणि तिथल्या पश्चिम स्टँडमधून ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ उभा राहिला. २०१४ मध्ये केरळचा ‘मंजप्पडा’. मग २०१७ मध्ये राष्ट्रीय संघासाठी ‘ब्लू पिलग्रिम्स’.

आता मुंबई. इथे मला खरी गंमत वाटते. रोव्हर्स कप १८९१ पासून मुंबईत होता. सुरुवातीला गोऱ्या पलटणींचाच खेळ. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो कप जिंकला तेव्हा पहिल्यांदा भारतीय संघाचं नाव त्यावर आलं. कूपरेजच्या गॅलरीत बसणारा वर्ग होता, जाणकार होता. तरीही कोलकात्यासारखी निष्ठा इथे जमली नाही. का?

माझं उत्तर असं: मुंबईत संघ वस्तीचे नव्हते, कंपनीचे होते. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा. खेळाडू कंपनीच्या मस्टरवर, जर्सीवर कंपनीचं नाव, आणि संघ ठेवायचा की नाही हे ठरणार वर बसलेल्यांच्या टेबलावर. बोईसरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्या गावात तारापूर एमआयडीसी आहे, तिथे कंपनी आली की कॉलनी येते, मैदान येतं, स्पोर्ट्स डे येतो; कंपनी गेली की मैदानावर गवत. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. देशाचा विजेता संघ चार वर्षांत गायब! कोलकात्यात असं काही झालं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करा. मुंबईत बातमी आली, हळहळ झाली, संपलं.

मधल्या काळात २००७ चा मुंबई एफसी होता. त्यांच्या मागे ‘यलो ब्रिगेड’ नावाचा छोटा पण मनापासून ओरडणारा गट होता. कूपरेजचं काम चालू असताना या क्लबला आपले ‘घरचे’ सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. घर दीडशे किलोमीटरवर असेल तर घरचा चाहता कसा तयार होणार? २०१७ मध्ये तोही क्लब मिटला. माझ्या मते मुंबईच्या अल्ट्रांचा इतिहास आयएसएलपासून सुरू करणं चूक आहे, तो या बंद पडलेल्या क्लबांपासून सुरू करायला हवा. चाहता राहतो आणि क्लब जातो, हा इथला मूळ अनुभव आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये आयएसएल आली, मुंबई सिटी आली आणि तिच्यामागे पुढे ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ उभी राहिली. या पिढीने उभं राहून गाणं कुठून शिकलं? कूपरेजच्या जुन्या गॅलरीपेक्षा टीव्हीवरून, असं माझं म्हणणं आहे. शनिवार-रविवारी इंग्लिश लीग बघणारी, लिव्हरपूल-आर्सेनलची जर्सी घालून स्क्रीनिंगला जमणारी पोरं आधीपासून होतीच. त्यांना पहिल्यांदा जवळचा स्टँड मिळाला. म्हणून ‘हे सगळं उसनं आहे’ अशी टीका होते. असेल उसनं. तोर्सिदाही ब्राझीलकडून उसनीच होती. उसनं काय घेतलं यापेक्षा त्याचं इथे काय केलं हे बघणं जास्त फायद्याचं.

आता नकाशा उघडा. मुंबई सिटीचं पहिलं घर नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. १८ ऑक्टोबर २०१४ ला तिथे पुण्याच्या संघावर ५-० असा विजय मिळाला, आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक. पण नेरुळ हार्बर लाइनवर. आमच्या बाजूच्या माणसाला ते परगावच. २०१६ मध्ये क्लब अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात आला आणि घर पहिल्यांदा पश्चिम रेल्वेच्या सरळ रेषेवर आलं. त्याच्या तीन वर्षं आधी, १६ एप्रिल २०१३ ला, विरारची लोकल डहाणूपर्यंत वाढली होती. आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. लोकल, जिल्हा, लीग, स्टेडियम: चार-साडेतीन वर्षांत या चार गोष्टी घडल्या आणि कागदावर बोईसरचा पोरगा अंधेरीच्या स्टँडमध्ये पोचू शकला.

कागदावर. कारण अंधेरी ते बोईसर साधारण ऐंशी किलोमीटर, आणि विरारच्या पुढे लोकल एकदम विरळ होतात. साडेसातला सुरू होणारा सामना साडेनऊच्या आसपास संपतो. त्यात अल्ट्राने शेवटच्या शिट्टीनंतर थांबायचं असतं, खेळाडू स्टँडसमोर येतात, झेंडे गुंडाळायचे असतात. सेकंड शिफ्टवाल्याचा तर प्रश्नच नाही, तो त्या वेळी प्लांटमध्ये असतो. ‘नव्वद मिनिटं उभा राहतो तो अल्ट्रा’ ही व्याख्या मग मला अपुरी वाटायला लागते. पंचाऐंशीव्या मिनिटाला घड्याळ बघून निघणारा कमी निष्ठेचा की त्याची लोकल शेवटची? स्टँडमधून बघितलं तर पहिलं दिसतं, बोईसरच्या प्लॅटफॉर्मवरून दुसरं.

आणखी एक. तारापूर अणुवीज केंद्र १९६९ पासून आहे, एमआयडीसीत देशभरातून माणसं आलीत. बंगाली, मल्याळी, उडिया. त्यांच्या घरात क्लब आधीच ठरलेला असतो, तो बहुतेकदा मुंबईचा नसतो. केरळ ब्लास्टर्स अंधेरीत आली की पाहुण्यांचा भाग पिवळा होतो, ते पिवळे लोक कोचीहून विमानाने आलेले नसतात. बरेचसे याच महानगराच्या कडेला राहतात. १९ नोव्हेंबर २०१६ ला डिएगो फोर्लानने त्याच केरळवर हॅटट्रिक केली, मुंबई ५-० ने जिंकली. त्या दिवशी स्टँडमधल्या दोन्ही रंगांचे लोक घरी परतले ते एकाच लोकल गाड्यांनी. ‘घरचे’ आणि ‘पाहुणे’ हे शब्द स्थलांतरितांच्या शहरात इतके सरळ राहत नाहीत.

संख्यांबद्दल एक इशारा. १ जून २०१८ ला अंधेरीत भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, प्रेक्षक २,५६९. दुसऱ्या दिवशी सुनील छेत्रीने व्हिडिओतून हात जोडून लोकांना बोलावलं. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याला, जो त्याचा शंभरावा सामना होता, मैदान भरलं. तीन दिवसांत शहराचं फुटबॉलप्रेम वाढलं का? नाही. पहिल्या दिवशी आलेले अडीच हजार आणि नंतर आलेली गर्दी हे दोन वेगळे समाज आहेत. प्रेक्षकसंख्येचा तक्ता केला की ते एकाच रकान्यात पडतात. अल्ट्रांचा अभ्यास करायचा तर मला पहिल्या आकड्यात रस आहे.

उलटंही होतं. मुंबई सिटीचा सर्वांत मोठा हंगाम २०२०-२१ चा. लीग शील्ड आणि कप दोन्ही, १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला अंतिम सामना. आणि स्टेडियम रिकामं, कारण कोविडमुळे सगळे सामने गोव्यात प्रेक्षकांविना. क्लबच्या इतिहासाचं हे सोनेरी पान आहे, चाहत्यांच्या इतिहासात तिथे मोबाइलच्या स्क्रीनवरचा आवाज आहे. त्या एका हंगामापुरता बोईसरचा चाहता आणि अंधेरीचा चाहता सारख्याच अंतरावर होते! क्लबचा कालक्रम घेऊन चाहत्यांची प्रकरणं पाडू नका, असं मी म्हणतो ते यामुळे.

साधनांबद्दल विचारणारे मेल येतात. या विषयाचं साधन इन्स्टाग्रामवर पडलंय आणि तिथूनच उडतंय. पोस्ट डिलीट होते, पेज बंद होतं. सापडेल तो फोटो तारखेसकट उतरवून ठेवा. टिफोच्या फोटोत कापडाइतकंच मागचं स्कोअरबोर्ड महत्त्वाचं. गट स्वतःबद्दल ‘देशातले पहिले’ असं लिहितात, ते पुरावा म्हणून नको, दावा म्हणून नोंदवा. असे ‘पहिले’ अनेक निघतात, आणि प्रत्येकाला पहिलं का व्हायचंय हा स्वतंत्र प्रश्न आहे. मुलाखत घेताना ‘तुम्ही अल्ट्रा आहात का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. बॅनरच्या कापडाचे पैसे कोणी दिले ते विचारा. तिथे गट क्लबचा आहे की स्वतःचा, ते कळतं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि मालक मँचेस्टरच्या घराण्यातले झाले. जुलै २०२५ मध्ये आयोजक कंपनीने पुढचा हंगामच थांबवून ठेवला. तेव्हा गटांनी काय केलं, कोण बोललं, कोण गप्प राहिलं, यावर माझं शेवटचं प्रकरण आहे. त्याबद्दल आरआरसी झाल्यावर लिहीन.

तोवर एक विनंती. विरार-डहाणू लोकल सुरू झाल्यापासूनची पश्चिम रेल्वेची छापील टाइमटेबलं मी जमवतोय, विशेषतः २०१६ नंतरची. रात्री साडेनऊनंतर अंधेरीहून पालघर-बोईसरला जायला काय होतं, ते वर्षावर्षाने लावायचंय. कोणाच्या घरी, दुकानात, रद्दीत असतील तर कळवा. येऊन घेऊन जाईन.