स्वतःच्या डोमेनचा मोफत ईमेल बंद झाला तर काय कराल?

हदगावसारख्या तालुक्याच्या गावात दुकानाच्या पाटीवर किंवा बिलबुकावर ईमेल छापलेला असतो, तो बहुतेक वेळा जीमेलचाच. पण एखादी शाळा, हळदीचा व्यापारी, कृषी सेवा केंद्र किंवा शेतकरी उत्पादक कंपनी स्वतःच्या नावाचं डोमेन घेते आणि तिचा पत्ता 'इन्फो ॲट अमुकअमुक डॉट इन' असा होतो. नांदेडच्या किंवा पुण्याच्या पार्टीला कोटेशन पाठवताना असा पत्ता वजनदार वाटतो. डोमेनला वर्षाला काही शे रुपये आणि ईमेल फुकट, असा हा हिशोब बरीच वर्षं चालला.

आता मात्र तो एकेक करून मोडत चालला आहे. फुकट सेवा देणारी कंपनी एक दिवस मेल पाठवते, 'अमुक तारखेपर्यंत पैसे भरा, नाहीतर खातं बंद'. तो मेल बहुतेकदा न वाचताच राहतो.

हे आधीही झालंय

सगळ्यात गाजलेलं उदाहरण गुगलचं. ऑगस्ट २००६ मध्ये गुगलने स्वतःच्या डोमेनवर जीमेल वापरण्याची मोफत सोय सुरू केली. पुढे फुकट वापरकर्त्यांची मर्यादा कमी होत २०११ मध्ये दहावर आली आणि डिसेंबर २०१२ मध्ये नव्या लोकांसाठी मोफत नोंदणीच बंद झाली. जुन्यांचं चालू होतं. जानेवारी २०२२ मध्ये जुन्यांनाही नोटीस आली की पैसे भरा किंवा निघा. जगभर ओरड झाली, तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि शेवटी मे २०२२ मध्ये गुगलने एक वाट ठेवली: धंद्यासाठी नाही, घरगुती वापरासाठी आहे असं कळवलं तर जुनं खातं फुकट राहील. ज्यांनी मुदतीत बटण दाबलं ते वाचले.

मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकवरची अशीच मोफत सोय २०१४ मध्ये नव्या लोकांसाठी बंद केली. म्हणजे तुमच्यावर आज ही वेळ आली असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही.

डोमेन वेगळं, पेटी वेगळी

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. डोमेन म्हणजे घराचा पत्ता आणि ईमेल सेवा म्हणजे दाराला लावलेली टपालपेटी. पेटी देणारा गेला तरी पत्ता तुमचाच राहतो. तुमच्या डोमेनच्या सेटिंगमध्ये 'एमएक्स रेकॉर्ड' नावाची एक नोंद असते. या डोमेनचं टपाल कोणत्या सर्व्हरवर टाकायचं, एवढंच ती सांगते. नवी सेवा घेतली, ती नोंद बदलली की काही मिनिटांत, फार तर एकदोन दिवसांत, नवं टपाल नव्या पेटीत पडू लागतं. ईमेल पत्ता तोच राहतो, त्यामुळे बँक, जीएसटी, आयकर, उद्यम नोंदणी यात काहीही बदलावं लागत नाही.

म्हणून 'जाऊ दे, सरळ जीमेल उघडू' असं म्हणून डोमेन सोडून देऊ नका. सोडलेलं डोमेन उद्या कुणीही विकत घेऊ शकतं. मग तुमच्या जुन्या पत्त्यावर येणारे ओटीपी आणि पासवर्ड बदलण्याच्या लिंका त्याच्या हातात पडतील. जीमेलवर जायचंच ठरवलं तरी सगळीकडचा पत्ता बदलून होईपर्यंत एकदोन वर्षं डोमेन भरत राहा.

सगळ्यात आधी काय कराल?

जुनी पत्रं उतरवून घ्या. गुगलचं खातं असेल तर 'टेकआउट'मधून सगळा मेल एका फाइलमध्ये मिळतो. इतर सेवांसाठी थंडरबर्ड हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाकून, आयमॅप पद्धतीने खातं जोडून पत्रं संगणकावरच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. नुसतं जोडून ठेवू नका, कारण आयमॅपमध्ये सर्व्हरवरचं गेलं की इथलंही जाऊ शकतं. एमएक्स नोंद बदलली म्हणून जुनी पत्रं आपोआप नव्या पेटीत येत नाहीत, ती जुन्या सर्व्हरवरच असतात.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे तुमचं लॉगिन कोणत्या ईमेलवर आहे ते तपासा. ते याच डोमेनच्या पत्त्यावर असेल, तर पेटी बंद पडल्यावर डोमेनच्या सेटिंगमध्ये शिरण्यासाठी येणारा ओटीपीही त्या बंद पेटीतच जाईल. किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून! आजच तिथे वेगळा जीमेल आणि मोबाइल नंबर टाका.

पर्याय कोणते?

लहान धंद्यासाठी पहिलं नाव झोहो मेलचं. कंपनी चेन्नईची. तिचा एक मोफत प्लॅन आहे: एक डोमेन, पाच माणसांपर्यंत, प्रत्येकी ५ जीबी जागा. दरपत्रकाच्या पानावर पैशाचे प्लॅन ठळक असतात आणि हा खाली कोपऱ्यात असतो, शोधावा लागतो. त्याची मेख अशी की मेल फक्त त्यांच्या वेबसाइटवर किंवा त्यांच्याच ॲपमध्ये बघता येतो. आयमॅप नाही, त्यामुळे आउटलुक किंवा थंडरबर्ड जोडता येत नाही. तालुक्याच्या दुकानाला यात फारसं अडत नाही. अडलंच तर त्यांचा सगळ्यात स्वस्त पैशाचा प्लॅन माणशी महिन्याला शंभर रुपयांच्या आत आहे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा ईमेल झोहोच्या यंत्रणेवर गेल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या होत्या. तो अर्थातच मोफत प्लॅन नव्हे.

दुसरा मार्ग फॉरवर्डिंगचा. क्लाउडफ्लेअरची ईमेल राउटिंग ही मोफत सेवा तुमच्या डोमेनवर आलेलं पत्र सरळ तुमच्या जीमेलमध्ये ढकलते. त्यासाठी डोमेनचे नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरवर न्यावे लागतात. इम्प्रूव्हएमएक्सही हेच काम करते. पण यात पत्र फक्त येतं. उत्तर तुमच्या डोमेनच्या नावाने पाठवायचं तर वेगळी जोडणी करावी लागते, आणि ती कच्ची राहिली तर तुमचं कोटेशन समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतं. एकट्या माणसाला हा मार्ग ठीक, चार माणसांच्या ऑफिसला मी सुचवणार नाही.

बरेच जण आणखी एक जुगाड करत: होस्टिंगसोबत मिळालेल्या पेटीतली पत्रं जीमेलने 'पॉप' पद्धतीने ओढून आणायची. ही सोय जानेवारी २०२६ पासून काढून घेत असल्याचं गुगलने जाहीर केलं आहे. त्यावर विसंबून असाल तर फॉरवर्डिंग लावून घ्या.

आयफोन असेल तर ॲपलच्या आयक्लाउड प्लसमध्ये स्वतःचं डोमेन जोडता येतं. सगळ्यात लहान प्लॅन महिन्याला ७५ रुपयांचा. घरगुती वापराला छान.

शाळा-कॉलेज असाल तर पैसे भरण्याआधी थांबा. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना गुगल वर्कस्पेसची शिक्षणासाठीची मूळ आवृत्ती मोफत मिळते, नोंदणीकृत सेवाभावी संस्थांसाठीही गुगलची वेगळी मोफत योजना आहे. कागदपत्रं तपासली जातात, वेळ लागतो, म्हणून मुदतीच्या आदल्या दिवशी अर्ज करून उपयोग नाही.

बदलताना अडतं कुठे?

नवी सेवा एमएक्ससोबत 'एसपीएफ' आणि 'डीकेआयएम' नावाच्या आणखी दोन नोंदी टाकायला सांगते. हे पत्र खरंच या डोमेनच्या मालकाकडून आलंय, याची ती खूण असते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत, म्हणून 'मेल येतोय ना, झालं' म्हणून थांबू नका. जुनी एसपीएफ नोंद काढून टाका. एका डोमेनला अशी एकच नोंद चालते, दोन असल्या तर तपासणी फसते. जुने एमएक्सही पुसा, नाहीतर काही पत्रं जुन्या पेटीत जात राहतील. हे काम शनिवारी रात्री उरका, सोमवारपर्यंत घडी बसते.

आणि एक तपासणी, जी गावाकडे जास्त लागते. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असतं. तो पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, की नोंदी बदलायला कुणीच नाही. त्याच्याशी आजच बोला आणि डोमेन तुमच्या खात्यावर हलवून घ्या. त्यासाठी डोमेनचं कुलूप उघडून तो तुम्हाला एक ट्रान्सफर कोड देऊ शकतो. दोघांचं खातं एकाच कंपनीत असेल तर बहुतेक ठिकाणी हे काम कोडशिवायही होतं.