डोळा लागतो न लागतो तोच... (जबलपूर, ओमती)



जबलपूरला पोस्टिंग झालं म्हटलं की आपल्या माणसाला तीन-चार गोष्टी आठवतात. ग्रेनेडियर्सचं सेंटर, जम्मू-काश्मीर रायफल्सचं सेंटर, सिग्नलचं ट्रेनिंग सेंटर आणि गन कॅरेज फॅक्टरी. भेडाघाटचा धबधबा त्यानंतर. शहरातलं ओमती सहसा कुणाच्या यादीत नसतं. शहराच्या पोटातून वाहणाऱ्या ओमती नाल्यामुळे हा भाग ओळखला जातो. गर्दी, दुकानं, जुनी घरं. आउटपास मिळाला की मी तिकडे चहा प्यायला जातो आणि जुन्या माणसांशी बोलत बसतो. आजचा विषय तिथल्याच गप्पांतून आणि आमच्या बराकीतून आला आहे.

विषय असा. दिवसभर अंग मोडून माणूस पडतो. डोळे मिटतात. आणि डोळा लागतो न लागतो तोच पायरी चुकल्यासारखं होतं, पाय जोरात झटकला जातो आणि माणूस दचकून जागा होतो. कुणाला विहिरीत पडल्यासारखं वाटतं. कुणाला कानाशी बार उडाल्याचा आवाज येतो, पण शेजारचा मात्र शांत झोपलेला असतो. आमच्या बराकीत एक नवा पोरगा आहे, सोलापूरकडचा. गार्ड ड्यूटी उतरून आडवा झाला की त्याला हे हमखास होतं. पोरं हसतात. पण त्याला खरी भीती हसण्याची नाही. 'उस्ताद, हे फिट येण्यासारखं काही असेल का? मेडिकलला कळलं तर घरी पाठवतील का?' असं त्यानं मला हळूच विचारलं. असं मनात धरून बसलेले जवान आणि पेन्शनीत गेलेले दादालोक बरेच असतील, म्हणून याचा इतिहास सविस्तर लिहितो.

या झटक्याची एक जुनी नोंद एका फौजी माणसाचीच आहे. रेने देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ तरुणपणी सैन्यात होता. १६१९ च्या हिवाळ्यात तो जर्मनीत छावणीच्या मुक्कामी होता. १० नोव्हेंबरच्या रात्री त्याला लागोपाठ तीन स्वप्नं पडली. त्यातल्या दुसऱ्यात वीज कडाडावी तसा मोठा आवाज झाला, तो जागा झाला आणि खोलीभर ठिणग्या दिसल्या. देकार्तनं त्याचा अर्थ सत्याचा संकेत असा लावला. आजचे काही डॉक्टर म्हणतात की झोपेच्या उंबरठ्यावर डोक्यात जो खोटा स्फोट होतो, त्याचंच हे वर्णन असावं. आपल्याकडे गावात असं झालं तर आजी म्हणेल, बाहेरचं काहीतरी आहे, मीठमोहऱ्या ओवाळा. अनुभव तोच, फक्त अर्थ ज्याचा त्याचा.

आता जबलपूरकडे येऊ. हा मुलूख १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतला. १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७-१८ च्या लढाईनंतर इंग्रजांकडे गेला. पुढे बंगाल आर्मीतला अधिकारी विल्यम स्लीमन यानं ठगांविरुद्धच्या मोहिमेचं ठाणं इथेच केलं. ठगांची संख्या आणि त्यांचा पंथ इंग्रजांनी फुगवून सांगितला का, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण त्या काळच्या जबान्यांतली एक गोष्ट आपल्या विषयाला लागू पडते. आडव्या झोपलेल्या माणसाच्या गळ्यात रुमाल नीट टाकता येत नाही. म्हणून ठग झोपलेल्या प्रवाशांना 'साप! विंचू!' अशी हूल देऊन उठवत. माणूस दचकून उठून बसे, मान वर होई आणि त्याच क्षणी फास पडे. झोप आणि जाग यांच्या मधल्या चार-दोन सेकंदांत माणूस किती लाचार असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हे फौजेलाही ठाऊक आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी लाल महालात शाइस्ताखानावर छापा घातला तो याच हिशोबानं. जागा होऊन हत्यार हातात येईपर्यंत खानाची बोटं गेली होती. सीमेवर पहाटे उजाडण्याआधी 'स्टँड-टू' होतो त्याचं कारणही तेच. साखरझोपेत सापडलेली पलटण म्हणजे निम्मी हरलेली पलटण.

या झटक्याकडे आजार म्हणून नव्हे तर शरीराची गोष्ट म्हणून नीट पाहिलं ते सिलास वीअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरनं. तोही फौजेच्या कामातून तयार झालेला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात त्यानं नसांना गोळ्या लागलेले शेकडो सैनिक तपासले. पाय कापलेला जवान 'माझा पाय दुखतोय' म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नाही हे त्यानं ठासून मांडलं आणि त्या नसलेल्या अवयवाला 'फँटम लिंब' हे नाव दिलं. त्याच मिचेलनं १८७६ मध्ये झोपेच्या तक्रारींवर लिहिलं. झोप लागताना अंगाला बसणारे झटके, डोक्यात पिस्तुलाचा बार उडाल्यासारखा किंवा घंटा वाजल्यासारखा होणारा भास, हे सगळं त्यानं रुग्णांच्या तोंडून ऐकून नोंदवलं. जे दिसत नाही पण माणसाला जाणवतं, त्यावर विश्वास ठेवायची सवय त्याला जखमी सैनिकांनी लावली होती, असं मला वाटतं.

पुढच्या महायुद्धात मात्र गल्लत झाली. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. तोफांच्या माऱ्यातून आलेले सैनिक थरथरत, दचकत, झोपेतून ओरडत उठत. ती खरी इजा होती, मनाची आणि मेंदूची. पण अनेक अधिकाऱ्यांनी तिला भित्रेपणा ठरवलं. तेव्हापासून फौजी माणसाच्या मनात बसलं की दचकणं म्हणजे कच्चेपणा. माझ्या मते सोलापूरच्या पोराची भीती तिथूनच वारशानं आलेली आहे.

साधा झटका आणि युद्धाची जखम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढे स्पष्ट होत गेलं. १९५९ मध्ये इयन ऑस्वल्ड या ब्रिटिश संशोधकानं झोप लागताना बसणाऱ्या झटक्यांचा मेंदूच्या लहरींचे आलेख काढून अभ्यास केला. निरोगी माणसांनाही हे होतं आणि ते फिट नव्हे, हे त्यातून दिसलं. १९८८ मध्ये पिअर्स या डॉक्टरनं त्या डोक्यातल्या स्फोटाला 'एक्स्प्लोडिंग हेड सिंड्रोम' असं भयंकर नाव दिलं. नाव भयंकर असलं तरी तो निरुपद्रवी आहे.

आत काय होतं ते आपल्या भाषेत सांगतो. झोप म्हणजे गार्ड बदली. जागं ठेवणारी यंत्रणा ड्यूटी सोडते आणि झोपवणारी ताबा घेते. स्नायू ढिले पडतात. कधीकधी हा चार्ज नीट दिला-घेतला जात नाही आणि मेंदूच्या बुंध्यातून स्नायूंना एक चुकीचा हुकूम सुटतो. तोच झटका. दहातल्या सहा-सात जणांना आयुष्यात कधी ना कधी तो बसतोच. आपले पूर्वज झाडावर झोपत, तेव्हा पडू नये म्हणून ही सोय होती, असाही एक तर्क आहे. पण तो तर्कच. जास्त दमणं, जागरण, रात्रीचा कडक चहा, बिडी आणि ताण यांनी झटके वाढतात. ही यादी वाचून फौजी हसेल, कारण ही तर आपली दिनचर्याच आहे.

आता ओमतीतली गोष्ट. तिथे एक मराठी काका भेटतात, ऑर्डनन्समधून निवृत्त झालेले. त्यांचं मराठी आता अर्धं हिंदीच झालंय. मी हा विषय काढला तर म्हणाले, 'बेटा, तुमचा झटका आतून येतो. आमचा जमिनीतून आला होता.'

२२ मे १९९७. पहाटे चार वाजून गेले होते. नर्मदेच्या खोऱ्यातल्या जुन्या भेगेवर ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जबलपूर, मंडला, सिवनी, छिंदवाडा या जिल्ह्यांत घरं पडली आणि चाळीसच्या आसपास माणसं गेली. उन्हाळा असल्यानं काका अंगणात बाजेवर होते. 'पहिल्यांदा वाटलं, नेहमीसारखा पाय झटकला. मग भिंत आली.' त्यानंतर कित्येक आठवडे घरातलं कुणी छपराखाली झोपेना. आणि डोळा लागला की बाज हलल्याचा भास. जपानी लोकांनी या भासाला शब्दच केलाय, 'जिशिन-योई', म्हणजे भूकंपाची भोवळ. २०११ च्या मोठ्या भूकंपानंतर तिथे असंख्य लोकांना जमीन हलत नसताना हलल्यासारखी वाटत होती.

आपल्या महाराष्ट्राला हे नवं नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, सुमारे १८० माणसं गेली. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून गाव थकून झोपलं होतं. जवळपास ८,००० माणसं गेली. तिन्ही वेळा पहाट, हा योगायोग. भूकंपाला घड्याळ कळत नाही. पण मेलेल्यांचा आकडा वेळेवर आणि घरांवर ठरतो. किल्लारीला जाडजूड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद होतं, तेच झोपलेल्यांवर आलं. शिवाय तो भूकंप जमिनीखाली अगदी उथळ झाला होता, जबलपूरचा सुमारे ३५ किलोमीटर खोल. मदतीला फौज गेली होती. ढिगारे उपसून प्रेतं काढणाऱ्या त्या जवानांपैकी काही आज सत्तरीला आले असतील. त्यांच्यातला कुणी आजही रात्री दचकत असेल, तर तो चार्ज नीट न दिल्याचा साधा झटका नाही. ती जखम आहे आणि तिच्यावर इलाज आहे.

म्हणून फरक लक्षात ठेवा. झोप लागताना एखादा झटका बसला, कूस बदलली, पुन्हा झोप लागली, तर काळजी नको. पण रात्रभर झटके येत राहिले, जीभ चावली गेली, अंथरूण ओलं झालं, जागेपणीही झटके आले, झोपेत हातपाय मारून शेजाऱ्याला लागलं किंवा तेच जुनं दृश्य पुन्हा पुन्हा दिसून उठवू लागलं, तर डॉक्टरला दाखवा. नोकरीत असाल तर एमआय रूम, पेन्शनीत असाल तर ईसीएचएस. लपवू नका. घरच्या बाईला विचारा, तुमच्या झोपेची खरी साक्ष तिच्याकडे असते.

सोलापूरच्या पोराला मी मिचेलची गोष्ट सांगितली आणि रात्रीचा चहा बंद करायला लावला. त्यानं विचारलं, 'म्हणजे उस्ताद, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय हे?' लिहून ठेवलंय, पण मराठीत बराकीपर्यंत पोचायचं राहिलं होतं. दादालोकांपैकी कुणी किल्लारीला किंवा ९७ साली जबलपूरला ड्यूटीवर होतं का? असाल तर जरूर कळवा. त्या दिवसांबद्दल तुमच्याच शब्दांत पुढे लिहायचं आहे.

जय हिंद.