कागद एक, जागा दोन

'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' वैभववाडीपासून मुंबईपर्यंत हे वाक्य आता आपल्याला पाठ झालंय. सर्व्हर आज ना उद्या सुरू होतो. पण आतली नोंदच गेली तर? दुसरी प्रत कुठे आहे, हा प्रश्न फार जुना आहे मंडळी.

1689 मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला आणि तिथलं स्वराज्याचं दफ्तर नष्ट झालं. तरी शिवकालीन पत्रं आज वाचायला मिळतात. कशी? तर देशमुख, देशपांडे, इनामदार यांच्या घरी त्यांना मिळालेले कागद पेट्यांत राहिले होते. राजधानीतलं गेलं, गावातलं वाचलं.

आता 21 जून 2012 आठवा. मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरचे मजले पेटले. पाच जणांचा जीव गेला. माणसं परत येत नाहीत. फायलींचं म्हणाल, तर ज्यांची प्रत दुसरीकडे होती त्याच पुन्हा उभ्या राहू शकल्या.

म्हणून मोठ्या यंत्रणा एकच माहिती दोन-तीन शहरांत ठेवतात. एनआयसीची राष्ट्रीय डेटा सेंटरं दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वरला आहेत. एका ठिकाणी पूर किंवा भूकंप झाला तर दुसरीकडून काम चालावं, हा त्यामागचा हिशेब.

पण इथे एक मेख आहे. इकडे केलेला बदल तिकडच्या प्रतीत आपोआप जातो. म्हणजे इकडे चूक झाली की तिकडेही तीच चूक! आग लागली तर ही प्रत वाचवते, चुकीपासून नाही. त्यासाठी आधीच्या तारखेची, न बदलणारी प्रत वेगळी ठेवावी लागते.

सातबारा संगणकावर चढवताना हेच दिसलं. कुठे नाव गळलं, कुठे क्षेत्र चुकलं. 2017 साली गावोगावी चावडी वाचन झालं तेव्हा पडताळणी कशावरून केली? हस्तलिखित सातबाऱ्यावरून! आजही कलम 155 खाली चूक दुरुस्त करायला गेलात की पहिला प्रश्न येतो, जुना उतारा आहे का?

आमच्याकडची जुनी माणसं सांगायची, 'कागद जपान ठेव.' ट्रंकेतला हस्तलिखित सातबारा, जुने फेरफार वाळवी लागण्याआधी बाहेर काढा. फोटो काढा, एक प्रत मुंबईच्या भावाकडे पाठवा. आणि मूळ कागद, ऑनलाईन मिळतंय म्हणून, रद्दीत घालू नका.