बेकारी भत्ता (रोजगार हमी योजना)
मागणी करूनही मुदतीत काम न मिळालेल्या ग्रामीण मजुराला राज्य शासनाने द्यावयाची रक्कम. 1977 च्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमानंतर केंद्राच्या 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाने ही तरतूद देशभर लागू केली. 2006 मधील पहिल्या टप्प्यात चंद्रपूर व गडचिरोली यांचा समावेश होता.

केंद्रीय अधिनियमानुसार अर्जापासून 15 दिवसांत काम न दिल्यास भत्ता देय होतो : पहिले 30 दिवस मजुरीदराच्या किमान एक-चतुर्थांश, त्यानंतर किमान निम्मा. मागणी अर्जाची दिनांकित पोचपावती हा हक्काचा मुख्य पुरावा होय.

काम शक्यतो गावापासून 5 किमी. त्रिज्येत द्यावे, त्यापलीकडे दिल्यास ते तालुक्यातच असावे व प्रवास-निर्वाहासाठी 10 टक्के जादा मजुरी द्यावी, असा नियम आहे. मात्र लांबचे म्हणून काम नाकारणाऱ्याचा भत्त्याचा हक्क तीन महिने थांबतो. काम मागण्याचा हक्क कायम राहतो. भामरागड, एटापल्ली यांसारख्या विरळ वस्तीच्या जंगली तालुक्यांत नदीनाल्यांना वळसा घालणारी वाट त्रिज्येहून लांब पडते. तेथे भातकापणीनंतर आणि तेंदूपाने संकलनाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मजुरीची गरज वाढते.