देवी येणे, देवी काढणे

रोगाचे आणि त्यावरच्या उपायाचे नाव एकच असावे, असे सहसा घडत नाही. देवीच्या बाबतीत मराठीने ते घडवले. मुलाला ‘देवी आल्या’ की घर हादरे. आणि लस टोचणारा आला की मुलाच्या ‘देवी काढल्या’ जात. मेळघाटातल्या धारणीकडून बुऱ्हाणपूरला जाताना लागणाऱ्या देडतलाईसारख्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरच्या गावांत साठी ओलांडलेल्यांच्या हातावर त्याचा गोल व्रण अजून दिसतो.

या व्रणाची भारतातली कथा मुंबईत सुरू होते. इंग्रज डॉक्टर जेन्नरने १७९८ मध्ये गायीच्या देवीची लस जगापुढे मांडली. ती व्हिएन्ना, बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करत आली आणि १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचली गेली. उन्हात लस टिकेना. म्हणून टोचलेल्या मुलाच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडात घालायचा, असा क्रम पडला. पुणे, सुरत, हैदराबादपर्यंत लस पोचली ती या लहानग्या दंडांच्या साखळीने.

ती काम का करते, हे मात्र टोचणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी बर्लिनला दाखवले, की घटसर्प किंवा धनुर्वाताविरुद्ध तयार केलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवतो. त्या द्रवात होती प्रतिपिंडे. करोनाने घराघरात नेलेल्या शब्दात, अँटिबॉडी.

लसीतला विषाणू देवीच्या विषाणूचा सौम्य भाऊबंद. दोघांच्या पृष्ठभागावरच्या खुणा इतक्या सारख्या, की एकाविरुद्ध घडलेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत. ही प्रतिपिंडे घडवणाऱ्या पेशींपैकी काही स्मृती जपत वर्षानुवर्षे टिकतात. रोग आणि लस यांना एकच नाव देणाऱ्या भाषेसारखीच शरीराचीही ही गल्लत, आणि तीच जीव वाचवणारी.

१९७३ च्या शरदात देवीने अजून ठाण मांडलेल्या राज्यांत बिहार, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगालसोबत मध्य प्रदेशही होता. देवी निर्मूलन मोहिमेचे कर्मचारी देवी झालेल्या बाळाचे चित्र दाखवत घरोघर फिरले. रुग्ण सापडला, की भोवतालच्या सगळ्यांना दुतोंडी सुईने टोचायचे. पुढे बातमी देणाऱ्याला हजार रुपयांचे बक्षीसही लागले.

मे १९७५ मध्ये बिहारातल्या कटिहार जिल्ह्यात देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला. पुढे देवीची लसच बंद झाली. नंतर जन्मलेल्यांच्या हातावर तो गोल व्रण नाही.